नकलेखालची रेघ

तैलरंगात व्यक्तिचित्र शिकायचे तर जुन्या उस्तादाच्या चित्राची नक्कल करावी, हा सल्ला मला पंचविशीत मिळाला. तो मी इमानेइतबारे पाळला आणि त्यात बरीच वर्षे घालवली. सल्ला चुकीचा नव्हता. नक्कल नेमकी कशाची करायची, हेच मला कळले नव्हते.

रेम्ब्रांटचे १६२९च्या सुमाराचे एक लहान आत्मचित्र आहे. गळ्याशी पोलादी गळपट्टा, विस्कटलेले केस आणि एका बाजूने सावलीत बुडालेला चेहरा. हे चित्र दोन ठिकाणी पाहायला मिळते. एक हेगच्या माउरित्सहाउसमध्ये, दुसरे न्यूरेंबर्गच्या संग्रहालयात. दोन्ही लाकडी फळीवर. हेगचे अस्सल आणि न्यूरेंबर्गचे नक्कल, असाच समज दीर्घकाळ होता. माझ्याकडच्या जुन्या पुस्तकातही हेगचेच चित्र छापलेले, म्हणून मी तेच समोर ठेवले.

गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात निवाडा उलटला. हेगच्या चित्राची अवरक्त किरणांनी तपासणी झाली, तेव्हा रंगाखाली रेखाटन सापडले. रेम्ब्रांटची ही रीत नव्हे. तो सहसा ब्रशनेच तपकिरी रंगात छायाप्रकाशाची ढोबळ मांडणी करून पुढे जाई. आज न्यूरेंबर्गचे चित्र अस्सल आणि हेगचे त्याच्या कार्यशाळेतली नक्कल, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे मी इतकी वर्षे नकलेची नक्कल करत होतो!

हसू आले, पण त्याहून अधिक ओळख पटली. हेगच्या त्या अनामिकाने जे केले तेच मी केले होते. छापील चित्रावर चौकोन आखले, तेवढेच कॅनव्हासवर आखले, पेन्सिलीने नाक-डोळे अचूक बसवले आणि मग रेघेच्या आत रंग भरला. नाक जागेवर होते; चेहरा मात्र फोटो स्टुडिओतल्या रंगवलेल्या फोटोसारखा. आधी रेघ मारायला उत्तर ठाऊक असावे लागते. नक्कल करणाऱ्याला ते असते, मूळ चित्रकाराला नसते. न्यूरेंबर्गच्या चित्रात ब्रश चाचपडतो, फटकारे उघडे राहतात. हेगच्या चित्रात सारे गुळगुळीत जुळून येते.

म्हणून नक्कल करणे वाईट, असे म्हणणाऱ्या आपल्याकडच्या टीकाकारांशी मी सहमत नाही. रेम्ब्रांटच्या कार्यशाळेत शिष्य गुरूच्या चित्रांच्या नकला करूनच शिकत. त्याचा समकालीन झांड्रार्ट लिहितो, की पुढे अ‍ॅम्स्टरडॅममध्ये प्रत्येक शिष्याकडून वर्षाला शंभर गिल्डर फी मिळे, शिवाय त्यांच्या कामाच्या विक्रीतून दोन ते अडीच हजार. (आकडे फुगवलेले असू शकतात, झांड्रार्ट स्वतःही चित्रकार होता.) तज्ज्ञांना इतका काळ चकवणारा हात कच्चा कसा म्हणावा? त्याला निकाल उत्तम जमला, निकालापर्यंतची वाट नाही.

गेल्या वर्षी मी पुन्हा बसलो. चौकोन नाहीत, पेन्सिल नाही. पातळ केलेल्या अंबरने आधी फक्त सावली मांडली, ती तशीच पातळ ठेवली आणि पांढरा दाट रंग उजेडासाठी राखला. नाक दोनदा पुसले. तिसऱ्यांदा ते रेघेने नव्हे, गालावरच्या उजेडाने उभे राहिले, किंचित वाकडे. गळपट्ट्यावरची चकाकी अजून साधलेली नाही. तिथे मी अजूनही आधी कड आखतो आणि मग पुसतो.