हातनेफरच्या हृदयावरचा ताईत

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात हिरव्या दगडाचा एक शेणकिडा आहे. लांबी जेमतेम सहा-सात सेंटिमीटर, सोन्याचं कोंदण आणि सोन्याच्या तारेची साखळी. घडण इतकी रेखीव की नजर पाठीवरच खिळून राहते. तरी या ताईताचा जीव आहे तो तळाशी. त्या सपाट बाजूवर चित्रलिपीच्या बारीक ओळी दाटीनं कोरल्या आहेत.

हा ताईत हातनेफर नावाच्या वृद्धेचा. प्राचीन इजिप्तच्या राणी हत्शेपसुतचा बलाढ्य कारभारी सेनेनमुत, त्याची ही आई. थेब्जच्या डोंगरउतारावरची तिची कबर १९३६ साली न फोडलेल्या अवस्थेत सापडली.

शेणाचा गोळा ढकलत नेणारा हा किडा इजिप्शियनांना उगवत्या सूर्याचं रूप वाटे, हिरवा रंग पुन्हा अंकुरण्याची खूण. पण इथे रूपापेक्षा शब्द मोठे आहेत. मृत्यूनंतरच्या न्यायनिवाड्यात मृताचं हृदय सत्याच्या पिसाविरुद्ध तोललं जाईल आणि ते खरं बोलून बसेल, ही धास्ती. विचार, आठवणी, केलेली कर्मं सगळी हृदयात राहतात अशी श्रद्धा असल्यामुळे ममी करताना मेंदू काढून टाकत, हृदय मात्र देहातच ठेवत. म्हणून तळाशी कोरलेल्या ‘मृतांच्या ग्रंथा’तल्या मंत्रात विनवणी देवांना नाही, स्वतःच्याच हृदयाला आहे: माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. माणसाला आतल्या साक्षीदाराची वाटणारी भीती इतक्या उघडपणे मांडणारं शिल्प मी दुसरं पाहिलेलं नाही.

मंत्र हृदयाला हाक मारतो तीही आईकडून मिळालेलं हृदय म्हणून. हातनेफरच्या दफनाचा थाट मुलाच्या वैभवामुळेच शक्य झाला असणार. मुलाच्या ऐपतीतून आलेल्या ताईतावर आईनं आपल्या आईची आठवण काढावी, हा योग मला फार हृद्य वाटतो. मंत्र ठरीव होता, अनेकांसाठी तोच कोरला जाई, हे मान्य करूनही.

आणि मग ते नाव. हातनेफरचं नाव आधीचा मजकूर खोडून त्या जागी कोरलेलं आहे. म्हणजे ताईत मुळात तिच्यासाठी घडवलेला नव्हता. काहींना यात उणेपणा दिसेल. मला त्यात कोरीव शब्दावरचा गाढ विश्वास दिसतो. मंत्र तोच, दगड तोच. नाव बदललं की संरक्षण तिचं झालं. कारागिराचं कसब पाठीवर आहे, पण इथे एक खरीखुरी बाई मेली आणि तिच्यासाठी कुणीतरी धावपळ केली, हे त्या खोडलेल्या जागेवरूनच कळतं.

या ताईताची छायाचित्रं पाहाल तेव्हा सोन्यापाशी थांबू नका. तळाचं छायाचित्र शोधा आणि नावाची जागा निरखून पाहा.