गावाचे संग्रहालय आणि वेशीबाहेरचे अंतर

कोल्हापूरजवळच्या कणेरी मठाचे सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय हे आता सहलींचे ठरलेले ठिकाण झाले आहे. मुंबईच्या उपनगरांतून, आमच्या कांजूरमार्ग-भांडुपकडूनही, महालक्ष्मी आणि जोतिबा करायला निघालेली माणसे वाटेत कणेरी करून येतात. उघड्या आभाळाखाली माणसाएवढे सिमेंटचे शेकडो पुतळे. सुतार आहे, लोहार आहे, कुंभार, न्हावी, चांभार आहे. कारागिरी अस्सल आहे, हे आधीच मान्य करतो. पुतळ्यांच्या हातातली अवजारे आणि बसण्याची ढब जाणकाराने घडवलेली आहे. म्हणूनच या संग्रहालयाकडे एक साहित्यकृती वाचावी तसे पाहिले पाहिजे. त्याला एक निवेदक आहे, एक कथानक आहे आणि एक नायकही आहे. नायकाचे नाव ‘स्वयंपूर्ण गाव’.

हा नायक नवा नाही. एकोणिसाव्या शतकात मेटकाफ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने भारतातील गावांना छोटी प्रजासत्ताके म्हटले आणि आपले सुशिक्षित त्या वर्णनावर भाळले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी याच मेटकाफचा हवाला घेऊन गावाच्या या गौरवाची चिरफाड केली, आणि राज्यघटनेने गाव नव्हे तर व्यक्ती हा घटक मानला याचे समाधान व्यक्त केले. त्या भाषणाला पाऊणशे वर्षे उलटून गेली. घटनेने नाकारलेले गाव संग्रहालयाने मात्र सिमेंटमध्ये पक्के केले.

कोणी म्हणेल, तिथे चांभाराचा पुतळा आहे ना, मग तक्रार कसली? तक्रार पुतळ्यांच्या मोजदादीची नाही. आणखी चार पुतळे बसवून ती मिटणारही नाही. प्रेक्षक तिथे कसा चालतो ते पाहा. एका देखाव्यापासून दुसऱ्या देखाव्याकडे, एका उंबऱ्यापासून दुसऱ्या उंबऱ्याकडे तो बिनदिक्कत जातो. त्याला कोणी जात विचारत नाही, कोणाची सावली कोणावर पडत नाही. ही मोकळी चाल हेच त्या गावाविषयीचे सर्वांत मोठे असत्य आहे. खऱ्या गावात घरे होती आणि घरांमध्ये अंतर होते. पाटलाच्या वाड्यापासून महारवाड्यापर्यंतचे अंतर, गावविहिरीपासून महारांच्या पाणवठ्यापर्यंतचे अंतर. जात भिंतीत किंवा अवजारात नव्हती, ती या अंतरात होती. संग्रहालयाने घर जपले, अवजार जपले आणि अंतर तेवढे पुसून टाकले.

बलुत्याचेही तसेच. देखाव्यात बलुतेदारी म्हणजे कसबांची परस्पर मदत: मी तुला नांगर देतो, तू मला जोंधळा दे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’त सुद्धा इतके गोड चित्र नाही, तिथे हक्क आहेत, तंटे आहेत, ओरबाडणे आहे. आणि आत्रे काही आमच्या बाजूचे लेखक नव्हेत. महाराच्या वाट्याला तर कसबच नव्हते. सरकारी सारा पोचवणे, मेलेली जनावरे ओढणे, मर्तिकाचा सांगावा घेऊन कोसकोस चालणे, रात्री वेशीवर जागणे. कामाला वेळ नाही, मजुरीला मोजमाप नाही. हे वतन नव्हे, बेडी आहे असे सांगत बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले. ही वतने कायद्याने जायला १९५८ साल उजाडावे लागले. दया पवारांनी १९७८ साली आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिले, तेव्हापासून मराठीत तो शब्द निरागस राहिलेला नाही. संग्रहालयात तो पुन्हा निरागस होतो. ही नुसती चूक नव्हे. एका पिढीने रक्त आटवून शब्दाला दिलेला अर्थ काढून घेणे आहे.

शिवाय सिमेंटला वास नसतो. भिजत घातलेल्या कातड्याचा, मेलेल्या ढोराचा वास ज्या वस्तीच्या नशिबी आला ती वाऱ्याची दिशा पाहून वसवलेली असे.

उघड्यावरचे संग्रहालय मुळात असेच खोटे असते काय? नाही. या प्रकाराचा आद्य नमुना म्हणजे स्टॉकहोमचे स्कान्सेन, १८९१ साली सुरू झालेले. तेथेही राष्ट्रप्रेमाचा उमाळा भरपूर होता. परंतु देशभरातून उचलून आणलेल्या खऱ्या घरांत जमीनदाराच्या वाड्याबरोबर शेतमजुरांची लांबट बराकही आहे. या मजुरांना ‘स्तातारे’ म्हणत. वर्षाचा करार, मजुरीचा मोठा भाग धान्य-दुधात, आणि नवऱ्याच्या करारात बायकोचे दूध काढण्याचे श्रमही धरलेले. ही पद्धत १९४५ साली मोडली. म्हणजे त्यांच्याकडचे बलुतेच म्हणा. त्यांनी ते वाड्याच्या शेजारी आणून ठेवले आणि पाहणाऱ्याला तुलना करू दिली.

आपल्याकडे जपण्यासारख्या खऱ्या इमारती नाहीत असेही नाही. परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेबांनी आयुष्याची दोन दशके काढली. दादरचे आंबेडकर भवन, जिथे बुद्धभूषण छापखाना होता, ते २५ जून २०१६ च्या पहाटे पाडले गेले. पहाटे, लोक झोपेत असताना. वरळीच्या बीडीडी चाळी शंभरीला आल्या तेव्हा पुनर्विकासाच्या गडबडीत एखादी चाळ संग्रहालय म्हणून राखण्याची चर्चा झाली. राखावी, जरूर राखावी. पण त्या संग्रहालयात स्टोव्ह, पितळी भांडी आणि गिरणीचा भोंगा एवढेच मांडायचे, की ५ जानेवारी १९७४ ची दंगल आणि त्यानंतर पाच दिवसांनी मोर्चावर वरून टाकलेल्या दगडाने गेलेला भागवत जाधवही? चाळीतही अंतर होतेच. कोणत्या इमारतीत कोण राहत होते हे जिन्याच्या पायऱ्यांना ठाऊक होते. ते अंतर न मांडणारी चाळ म्हणजे कणेरीचेच गाव, फक्त मजले चढवलेले.

आणि कांजूरमार्ग? १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेली माणसे या पट्ट्यातल्या टेकड्यांच्या उतारावर, नाल्याकाठी, कारखान्यांच्या भिंतींना टेकून राहिली. ज्या गावाचे पुतळे आज पैसे देऊन पाहायचे, ते गाव सोडणे हाच त्यांच्या आयुष्यातला पहिला विद्रोह होता. पूर्वेला खाडीकडे मुंबईच्या कचऱ्याचा मोठा भाग येऊन पडतो. वास वस्तीकडे येतो. तो कचरा उचलणाऱ्या हातांत आमचे हात किती, हे मोजायला महापालिकेची हजेरी पुरेल. वारसा ठरवणारे इथे येत नाहीत. इथे येतात ते झोपडीची पात्रता ठरवणारे. पत्रा कोणत्या साली चढवला, मोरी कोणी बांधली, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर केव्हा लागली, याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. ठरवून दिलेल्या तारखेपूर्वीचा कागद आहे का, एवढेच ते विचारतात. कागद असला तर झोपडी पाडून इमारतीत खोली मिळते, नसला तर नुसतीच पाडतात. दोन्ही वेळा झोपडीची नोंद एका सर्व्हे क्रमांकापुरती उरते, आणि तो क्रमांक दारावर खडूने लिहिलेला असतो.