एका कागदाचे पाच वर्ण

'खार्तेस' हा शब्द आपण एकदा मोठ्याने उच्चारून पाहू या. पपायरसच्या लव्हाळ्यापासून केलेल्या पानाला प्राचीन ग्रीक या नावाने ओळखत, आणि त्याच्या आरंभीचा 'ख' त्यांच्या जिभेवर जसा उमटत असे तसा आपल्याला सहज उमटवता येतो. श्वासाच्या झुळकीसह येणारा हा महाप्राण आपल्या वर्णमालेत 'क'च्या अगदी शेजारी राहतो. रोमनांच्या वर्णमालेत त्याला घर नव्हते. त्यांनी शब्द उचलला, लिहिताना 'सी'पुढे 'एच' मांडून त्या ग्रीक श्वासाची आठवण जपली, पण चारचौघांच्या बोलण्यात त्याचा सरळ 'कार्ता' झाला. लेखणीने राखलेला आणि ओठांनी सोडून दिलेला तो एक श्वास मला फार मोहवतो.

या 'कार्ता'ची रोमन काळातली श्रीमंतीही पाहण्याजोगी आहे. थोरल्या प्लिनीने आपल्या 'नॅचरल हिस्टरी'च्या 13व्या भागात लव्हाळ्याच्या पातळ पट्ट्या उभ्या-आडव्या अंथरून पान कसे घडवतात ते सांगितले आहे आणि त्याच्या जातीही नोंदवल्या आहेत: एकीला सम्राट ऑगस्टसचे नाव, दुसरीला त्याच्या पत्नीचे, लिव्हियाचे, आणि पार तळाशी 'एम्पोरेटिका', जी लिहिण्याच्या उपयोगाची नाही, व्यापाऱ्यांनी माल बांधायची. म्हणजे राजनावापासून पुडीच्या कागदापर्यंत सारे या एकाच शब्दाच्या छत्राखाली नांदत होते. त्याहून नाजूक तपशील कॅटलस या कवीचा आहे. आपला मित्र नेपोस याने तीन खंडांत लिहिलेल्या इतिहासाचे कौतुक करताना त्याने त्या खंडांना 'कार्ता'च म्हटले. वस्तूचे नाव तिच्यावरल्या अक्षरांना मिळाले, कागद म्हणता म्हणता ग्रंथ झाला. हे बीज आपण जवळ ठेवू. ते पुढे फार दूरच्या मातीत रुजणार आहे.

लॅटिनच्या लेकींनी हा माहेरचा शब्द आपापल्या घरी नेला. इटालियन भाषेने तो जसाच्या तसा सांभाळला. तिथे 'कार्ता' म्हणजे आजही कागद. पश्चिमेकडे मात्र कागदाची जागा पपायरसच्या वंशजांनी घेतली, फ्रेंच 'पाप्ये', स्पॅनिश 'पापेल', आणि मोकळा झालेला 'कार्ता' कागदावरच्या मजकुराकडे वळला. स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांत तो पत्र झाला. ब्राझीलचा किनारा पहिल्यांदा पाहिल्याची वार्ता पेरो व्हाझ दि कामिन्या याने 1500 सालच्या 1 मे रोजी राजा मनुएलला लिहून कळवली, तो मजकूर पोर्तुगीज आजही नुसत्या 'कार्ता' या नावाने ओळखतात. स्पॅनिशमध्ये पत्र 'कार्ता', खेळायचा पत्ता 'कार्ता', आणि उपाहारगृहातली पदार्थांची यादीही 'कार्ता'. आपल्याला यात नवल वाटू नये. झाडाच्या पानाला 'पत्र' म्हणता म्हणता आपणही पत्रे लिहिली, पत्ते कुटले, आणि 'पाने वाढली' म्हणत जेवायला बसलो.

फ्रेंचमध्ये तर एका शब्दाचे दोन शब्द झाले. लॅटिनचा 'का' फ्रान्सच्या बोलीत घासत घासत आधी 'चा' झाला, मग 'शा': 'काबाल्लुस' हा घोडा 'शव्हाल' झाला, 'कांतारे' हे गाणे 'शांते' झाले. त्याच वाटेने 'शार्त' आला, राजमुद्रेची सनद. जुने दस्तऐवज वाचायला शिकवणारी 'एकोल दे शार्त' ही पॅरिसमधली संस्था 1821 पासून त्याचे नाव मिरवते आहे. पण विद्वानांनी लॅटिन ग्रंथांतून हाच शब्द पुन्हा उचलला तेव्हा त्याचा 'क' शाबूत राहिला, आणि 'कार्त' म्हणजे नकाशा, पत्ता, भोजनाची यादी. एक बोलीतून झिजत आलेला, दुसरा पोथीतून कोरा आलेला. आपल्या तद्भव-तत्समांची ही जोडी ओळखीची वाटावी अशी. मधला 'च' मात्र फ्रान्समधून निसटून गेला तो इंग्रजीत जाऊन बसला: फ्रेंच अजून 'च' म्हणत होते तेव्हाच 'चार्टर' तिकडे पोहोचला होता. आपल्या गल्लीतल्या चार्टर्ड अकाउंटंटच्या पाटीवर तो जुना फ्रेंच उच्चार अजून टिकून आहे.

दारूगोळा कागदाच्या नळीत गुंडाळत, तिला इटालियनमध्ये 'कार्ता'वरूनच 'कार्तोच्चो' म्हणत. तोच शब्द पोर्तुगिजांकडे 'कार्तुशु' झाला आणि त्यांच्याबरोबर आपल्या किनाऱ्याला लागून 'काडतूस' झाला. 1857 साली शिपायांनी जी काडतुसे हाती घ्यायला नकार दिला, ती कागदाचीच होती.

पण माझे मन रेंगाळते ते रोमानियात. रोमन सम्राट ट्रेजनने इसवी सन 106 मध्ये डॅशिया, म्हणजे साधारण आजच्या रोमानियाचा प्रदेश, जिंकला, आणि सुमारे 170 वर्षांत रोमची सत्ता तिथून मागे सरली. सभोवती स्लाव्ह आणि हंगेरियन भाषा पसरत गेल्या. बहिणींपासून तुटलेल्या त्या एकट्या लेकीने 'कार्ता' जपला आणि त्याला अर्थ दिला 'ग्रंथ'. बाकीच्यांनी पुस्तकासाठी 'लिबेर', म्हणजे झाडाची अंतरसाल, हा शब्द निवडला. रोमानियनमध्ये पुस्तक म्हणजे 'कार्ते'. कॅटलसच्या ओळीत पेरलेले बीज इथे डेरेदार झाले. लिहिता-वाचता येणाऱ्याला तिथे 'कार्ते' येते असे म्हणतात, शिकलेला माणूस म्हणजे 'कार्ते' असलेला माणूस, अगदी आपल्या 'चार बुकं शिकलेल्या' माणसासारखा. ज्ञानाला वस्तूचे नाव देणारी ही साधी, घरगुती श्रीमंती मला या साऱ्या प्रवासातली सर्वांत सुंदर वाटते.

मग रोमानियनमध्ये कागदाला काय म्हणतात? 'हर्तिये'. दिसायला परका, पण जरा निरखून पाहू या. दरम्यान ग्रीसमध्ये 'ख'चा उच्चार घशात घासला जाऊन 'ह'कडे झुकला होता; 'खार्तेस'चे लाडके, लघुत्वदर्शक रूप 'खार्तिओन' बायझंटाइन जगातून स्लाव्हांकडे गेले, आणि ज्या स्लाव्हॉनिक भाषेत रोमानियन चर्चची उपासना शतकानुशतके चालली, तिच्यातून 'हर्तिये' होऊन उतरले. रोमच्या वाटेने आलेला 'क' आणि बायझंटियमच्या वाटेने आलेला 'ह' अशा रीतीने एकाच अंगणात भेटले. बुखारेस्टमधले शाळकरी मूल दप्तरातून 'कार्ते' काढते, तेव्हा तिचे प्रत्येक पान 'हर्तिये'चे असते.