चार गुडघे, एक हंगाम आणि 'यावरून स्पष्ट होते'

गेल्या महिन्यात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलीने पीएचडी प्रवेशासाठी लिहिलेला संशोधन आराखडा वाचायला पाठवला. पहिलंच वाक्य असं होतं: "2022-23 च्या हंगामात आर्सेनलच्या चार महिला फुटबॉलपटूंचे एसीएल फाटले, यावरून स्त्रियांमधील संप्रेरकांचे चढउतार आणि गुडघ्याची दुखापत यांचा संबंध स्पष्ट होतो." ती स्वतः कॉलेजच्या संघातून खेळलेली आहे. फोनवर म्हणाली, "ताई, आमच्या सरांनी पाळीच्या दिवसांत सरावाला येऊच नका असं सांगितलं होतं. त्यामागे काहीतरी असेलच ना?"

आराखड्याला मी "बरा आहे" म्हणणार होते. हे ऐकल्यावर ते जमेना. एका वाक्यातल्या 'यावरून' या शब्दावर कुणाचा तरी सराव बंद होतो, हे काही साधं नाही. म्हणून तो हंगाम पुन्हा काढून बसले.

आधी हंगामाबद्दल. इंग्लंडची विमेन्स सुपर लीग म्हणजे तेव्हा 12 संघ, प्रत्येकाचे 22 सामने. 31 जुलै 2022 ला वेम्ब्लीवर 87,192 प्रेक्षकांसमोर इंग्लंडने युरो जिंकला होता आणि त्याच लाटेवर ही लीग सुरू झाली. सप्टेंबरात एमिरेट्स स्टेडियमवर आर्सेनल-टॉटनहॅम सामन्याला 47,367 लोक आले. तो तेव्हाचा लीगचा विक्रम. विजेतेपदाची चुरस शेवटच्या दिवसापर्यंत गेली. चेल्सी 58 गुण, मँचेस्टर युनायटेड 56. 27 मे 2023 ला चेल्सीने रेडिंगला 3-0 हरवलं. त्याच दिवशी चेल्सी सलग चौथ्यांदा विजेती झाली आणि रेडिंग खालच्या विभागात गेली. ॲस्टन व्हिलाच्या रेचल डेलीने 22 गोल केले. लीग म्हणून पाहिलं तर मला हा गेल्या काही वर्षांतला सगळ्यात रंगलेला हंगाम वाटतो.

पण लोकांच्या लक्षात राहिले ते आर्सेनलचे गुडघे. नोव्हेंबरात बेथ मीड, डिसेंबरात व्हिव्हियान मीडेमा, एप्रिलमध्ये इंग्लंडची कर्णधार लिआ विल्यमसन, मे महिन्यात लॉरा वीनरॉइदर. एसीएल म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत तिरकं बांधून ठेवणारं लिगामेंट. पळता पळता थांबून एकदम वळलं की त्याच्यावर ताण येतो. फाटलं की बहुतेक वेळा शस्त्रक्रिया, आणि पुढे साधारण नऊ महिने ते वर्षभर मैदानाबाहेर. मीड, विल्यमसन आणि मीडेमा तिघींचाही 2023 चा विश्वचषक गेला. मीड तर युरोमधली सर्वोत्तम खेळाडू ठरलेली. एवढं झाल्यावर 'असं का?' हा प्रश्न पडणारच. माझी तक्रार प्रश्नाबद्दल नाही, उत्तर किती पटकन मिळालं याबद्दल आहे.

आता जरा बारकाईने बघू. मीडला दुखापत झाली युनायटेडविरुद्ध, लीगच्या सामन्यात. विल्यमसनलाही युनायटेडविरुद्ध, लीगमध्येच. पण मीडेमा ल्यॉनविरुद्ध आणि वीनरॉइदर वोल्फ्सबुर्गविरुद्ध खेळत होत्या आणि ते सामने चॅम्पियन्स लीगचे. म्हणजे ज्याला आपण 'लीगचा हंगाम' म्हणतो त्यात चारपैकी दोनच गुडघे आहेत. तुम्ही फक्त लीगची नोंदवही उघडलीत तर दोन मोजाल, क्लबची उघडलीत तर चार, आणि राष्ट्रीय संघाचे सामने धरायचे तर तिसरीच वही लागेल. स्पर्धांच्या सीमा आयोजकांनी आखलेल्या असतात. गुडघा त्या ओळखत नाही. संशोधन सुरू करणाऱ्यांची पहिली चूक इथेच होते. डेटा ज्या खोक्यात मिळतो त्या खोक्यालाच आपण अभ्यासाचं एकक समजून बसतो. (मीही पहिल्या वर्षी हेच केलं. गाईडनी पानभर लाल शाई वापरली होती.)

पुढचा प्रश्न छेदाचा. चार हा अंश झाला, छेद कुठाय? दुखापतींच्या अभ्यासात छेद म्हणून खेळाडूंची संख्या घेण्यापेक्षा खेळाडू-तास घेतात, म्हणजे किती जणी एकूण किती तास धोक्याच्या परिस्थितीत होत्या. लीगचे हे तास घरबसल्या काढता येतात: 132 सामने, प्रत्येकात मैदानावर 22 जणी, दीड तास. 4,356 तास. वाढीव वेळ आणि लाल कार्डं सोडून दिली तरी चालेल. आख्ख्या लीगच्या आख्ख्या हंगामाचे सामना-तास एवढेच! एसीएल फाटणं ही दुर्मीळ घटना. इतक्या तासांत ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच दिसणार. एवढ्याशा घटनांवरून संप्रेरकं, बूट, गवत, थकवा यातला एकच गुन्हेगार शोधायचा म्हणजे दोन साक्षीदारांवर दहा आरोपींचा खटला चालवण्यासारखं आहे. शिवाय सरावाचे तास बाहेरच्या माणसाला मिळतच नाहीत.

"पण एकाच क्लबात चार, हा योगायोग कसा असेल?" हा तिचा पुढचा प्रश्न. तो चांगला आहे, म्हणून आम्ही कागदावर करून पाहिलं. तुम्हीही करा. समजा (हा फक्त समजण्यापुरता आकडा आहे, कुठल्या अभ्यासातला नाही) एका खेळाडूचं एका हंगामात एसीएल फाटण्याची शक्यता 2 टक्के आहे आणि क्लबात 25 जणी आहेत. अपेक्षित दुखापती झाल्या 0.5. पॉयसन वितरणाने चार किंवा जास्त दुखापतींची संभाव्यता येते 0.00175 च्या आसपास, म्हणजे साधारण 570 मध्ये 1. इथे थांबलात तर "अशक्यच, काहीतरी कारण असणार" असं वाटेल. पण आपण आर्सेनल आधी निवडलं नव्हतं. चार गुडघे फाटले म्हणून आपलं लक्ष आर्सेनलकडे गेलं. बाण मारायचा आणि मग तो लागला त्याभोवती वर्तुळ काढायचं, तसं हे. खरा प्रश्न असा हवा: आपण ज्या ज्या क्लबांच्या बातम्या वाचतो त्यांपैकी कुठेतरी, कधीतरी, असं होण्याची शक्यता किती? युरोप-अमेरिकेतले 60 क्लब आणि पाच हंगाम धरले तर 300 संधी होतात, आणि संभाव्यता सुमारे 41 टक्क्यांवर जाते. जवळपास नाणेफेक.

मग तिने स्वतःहून 2 च्या जागी 3 टक्के घालून पाहिले. एका क्लबासाठी संभाव्यता 0.0073 आली, म्हणजे चौपटीहून जास्त. गृहीत एका टक्क्याने हललं तर निष्कर्ष एवढा हलतो, हे तिच्या तिलाच दिसलं. मला त्या दिवशी सगळ्यात जास्त आनंद याचाच झाला.

थांबा, या गणितातही खोट आहे. चारही दुखापती एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं आम्ही धरलं. एकाच मैदानावर, एकाच वेळापत्रकात, एकाच वैद्यकीय पथकाखाली खेळणाऱ्यांच्या बाबतीत ते खरं असेलच असं नाही. म्हणजे या गणिताने 'कारण नाही' हे सिद्ध होत नाही. 'कारण असलंच पाहिजे' एवढंच ते खोडून काढतं. या दोन वाक्यांत फरक आहे, आणि तोंडी परीक्षेत नेमका तोच विचारतात.

कारणं शोधायला बसलं की ती कशी सापडतात याचं एक उदाहरण. चारपैकी तिघी एमिरेट्सवर जखमी झाल्या, आणि त्या काळात आर्सेनलच्या महिलांचं नेहमीचं घरचं मैदान होतं बोरहॅमवुडचं मेडो पार्क. झालं, गवताचा दोष! पण एमिरेट्सवर मोठे सामने होतात. मोठ्या सामन्यांत वेग जास्त, चुरस जास्त. मग दोष गवताचा की सामन्याचा? दोघी युनायटेडविरुद्ध जखमी झाल्या. यावर प्रबंध लिहायला कुणी पुढे आलं नाही, कारण ते ऐकायलाच हास्यास्पद वाटतं. संप्रेरकांचं हास्यास्पद वाटत नाही, एवढाच फरक. पुरावा दोन्हींकडे तेवढाच.

माझं स्वतःचं लाडकं गृहीतक होतं खेळाचा ताण. युरो संपल्यावर विश्रांती नाही, लीग, चॅम्पियन्स लीग, देशाचे सामने, शरीर किती सोसणार? पटणारं आहे. पण मीडेमाला त्याच नोव्हेंबरात क्लबने सुट्टी दिली होती; ती काही आठवडे खेळलीच नाही, परत आली आणि डिसेंबरात गुडघा गेला. आता मी म्हणू शकते की सुट्टीनंतर एकदम भार वाढला म्हणून झालं. म्हणजे खेळली तरी ताण, नाही खेळली तरी ताण. काहीही घडलं तरी जे गृहीतक बरोबर ठरतं त्याच्यावर तीन वर्षं घालवू नका. ताणाचा मुद्दा यामुळे बाद होत नाही, पण 'ताण' म्हणजे नेमकं काय आणि किती दिवसांचं मोजणार हे आधी लिहून ठेवावं लागतं.

मग विज्ञान काय सांगतं? स्त्री फुटबॉलपटूंमध्ये एसीएल फाटण्याचा दर पुरुषांच्या दोन ते तीन पट असतो, हे बऱ्याच अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. 'आठ पट' हा बातम्यांतला आकडा तुमच्या प्रस्तावनेत नको. मासिक पाळीच्या टप्प्याशी संबंध शोधणारे अभ्यास मात्र बहुतेक लहान आहेत. पुष्कळांत टप्पा रक्ततपासणीने न ठरवता तारखा विचारून ठरवलेला आहे, आणि निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. दार बंद झालेलं नाही, पण 'स्पष्ट होते' म्हणण्याजोगं काहीच नाही. 2014 ते 2020 मधल्या क्रीडाविज्ञानातल्या प्रमुख नियतकालिकांच्या एका पाहणीत फक्त स्त्रियांवर केलेले अभ्यास 6 टक्के निघाले होते. आपण मोजलंच नाही, आणि न मोजलेल्या जागी 'स्त्रीचं शरीरच तसं' हे उत्तर आयतं बसलं.

हे उत्तर इतकं चालतं का, यावर माझं मत सांगते. ते स्वस्त आहे. दोष शरीराचा ठरला की मैदान सुधारायला नको, फिजिओ नेमायला नको. याच हंगामात जानेवारीत चेल्सी-लिव्हरपूल सामना सहा मिनिटांत थांबवावा लागला, कारण किंग्जमेडोचं मैदान गोठलं होतं. देशातल्या सर्वोच्च लीगमधला, विजेत्या संघाच्या मैदानावरचा सामना! 2021 मध्ये पार्सन्स, कोएन आणि बेकर यांनी ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये हाच मुद्दा मांडला: मुलगी लहान असल्यापासून तिला मिळणारं प्रशिक्षण, व्यायामशाळा, अपेक्षा, नंतरची सोय, हे सगळं दुखापतीच्या धोक्यात धरायला हवं. वाचाच. पण तो लेख चौकट देतो, कारण सिद्ध करत नाही. "गोठलेलं मैदान, म्हणून फाटलेले गुडघे" असं लिहिलंत तर त्याच वाक्याची तुम्ही नवी आवृत्ती काढली. चारपैकी एकही गुडघा किंग्जमेडोवर गेलेला नाही.

2024 मध्ये खेळाडूंच्या संघटना फिफप्रो आणि पीएफए, नायकी आणि लीड्स बेकेट विद्यापीठ यांनी याच लीगवर तीन वर्षांचा 'प्रोजेक्ट एसीएल' सुरू केला. वरचं तासांचं गणित आठवा: एका लीगची तीन वर्षं म्हणजे मोजक्याच दुखापती. त्यातून कारण सिद्ध होईल अशी आशा मला नाही. पण प्रवास, विश्रांती, सोयी यांची नीट नोंद झाली तर पुढच्यांना छेद तरी मिळेल.

आणि कारण कळेपर्यंत हात बांधून बसायची गरज नाही, हेही तिला सांगितलं. उडी मारून नीट उतरणं, वळणं, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद, असा साधारण वीस मिनिटांचा ठरावीक वॉर्म-अप (फिफा 11+ हा त्यातला प्रसिद्ध) नियमित केला की दुखापती कमी होतात. अशा कार्यक्रमांवरच्या एकत्रित विश्लेषणांत एसीएलच्या दुखापती जवळपास निम्म्याने घटलेल्या दिसतात. त्याला खर्च नाही, शंकू आणि शिस्त लागते. "आमच्याकडे दोन राउंड मारायचो आणि थेट मॅच," ती म्हणाली.

काल रात्री तिचा नवा पहिला परिच्छेद आला. आर्सेनल त्यात नाही, संप्रेरकंही नाहीत. प्रश्न असा आहे: तिच्या जिल्ह्यातल्या मुलींच्या कॉलेज संघांपैकी किती संघ असा वॉर्म-अप करतात, आठवड्यातून किती वेळा, आणि करत नसतील तर का. खेळाडू-तासांच्या रकान्यात अजून प्रश्नचिन्ह आहे. कॉलेजांकडे सरावाची हजेरी ठेवतात का, हे विचारायला ती सोमवारी जाणार आहे.