उत्क्रांतीय डीकंपायलेशन: बाइट जुळले, पण अर्थ?

2018 मध्ये ग्रामाटेक या अमेरिकी कंपनीतील एरिक शुल्टे व सहकाऱ्यांनी ‘इव्हॉल्व्हिंग एक्झॅक्ट डीकंपायलेशन’ हा शोधनिबंध मांडला. पद्धत अशी: सी भाषेतील उमेदवार प्रोग्राम घ्यायचे, सोर्स कोडच्या मोठ्या संग्रहातील तुकडे वापरून त्यांत क्रॉसओव्हर व म्युटेशन करायचे, प्रत्येक उमेदवार कंपाइल करून मूळ बायनरीशी ताडून पाहायचा. बाइट जितके जास्त जुळतील तितका फिटनेस जास्त.

या पद्धतीचे बलस्थान मोठे आहे. नेहमीच्या डीकंपायलरने दिलेला कोड पुष्कळदा पुन्हा कंपाइलही होत नाही. इथे सर्व बाइट जुळले, की अचूकतेचा पुरावाच हाती येतो.

मर्यादा मात्र याच निकषात दडलेली आहे. तोच लूप ‘फॉर’ने लिहा किंवा ‘व्हाइल’ने, बाइट बहुधा सारखेच येतात. डिबग माहिती काढलेल्या बायनरीत चलाचे नाव ‘पगार’ होते की ‘क्ष’, हे उरतच नाही. म्हणजे सुबोध आणि दुर्बोध कोड यांत फिटनेस फरक करू शकत नाही. वाचनीयता येते ती संग्रहातील माणसांनी लिहिलेल्या तुकड्यांतून; निकषातून नव्हे. शिवाय कंपायलर किंवा त्याचे ऑप्टिमायझेशन पर्याय चुकीचे निवडले, तर योग्य कोडलाही कमी गुण मिळतात.

म्हणून सोर्स हरवलेल्या जुन्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती करण्यास ही पद्धत आशादायक वाटते. पण विद्यार्थ्यांनो, ‘मूळ सोर्स कोड परत मिळतो’ असे उत्तरात लिहू नका. मिळतो तो समतुल्य कोड. लिहिणाऱ्याचा हेतू आपल्यालाच शोधावा लागतो.