दुर्मिळ ध्वनिमुद्रिका : संग्रह आणि संशोधन

जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या संग्रहाकडे आजवर बहुधा एक छंद म्हणूनच पाहिले गेले आहे. जी तबकडी फार थोड्यांजवळ आहे ती मोलाची, असा संग्राहकांचा सामान्य संकेत आहे. आणि जॅझ, रेगे किंवा देशोदेशींचे लोकसंगीत जमविणाऱ्यांत तो विशेष प्रबळ आहे. परंतु दुर्मिळता हा प्रतींच्या संख्येचा धर्म आहे, तबकडीतील आशयाचा नव्हे. ध्वनिमुद्रिका हे संगीतेतिहासाचे साधन मानावयाचे, तर तिची परीक्षा कोणत्या कसोटीवर करावी, एवढाच प्रश्न येथे विचारार्थ घेतला आहे.

मुंबईतील जॅझचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९३५ नंतर ताजमहाल हॉटेलात अमेरिकन निग्रो वादकांचे ताफे वाजवू लागले. त्यांपैकी क्रिकेट स्मिथ याच्या वाद्यवृंदाने १९३६ मध्ये मुंबईत काही तबकड्या मुद्रित केल्या. आज त्या अत्यंत दुर्मिळ असून संग्राहक त्यांचा शोध घेत असतात. याउलट १९५१ च्या ‘अलबेला’ या चित्रपटाच्या तबकड्या अमाप खपल्या व जुन्या बाजारात अजूनही आढळतात. या चित्रपटाचे निर्माते, दिग्दर्शक व नायक भगवान यांचा जन्म अमरावतीचा, संगीतकार सी. रामचंद्र यांचे संगीतशिक्षण काही काळ नागपुरास झालेले. आणि त्यांचा साहाय्यक चिक चॉकलेट हा मुंबईतील नामांकित गोमंतकीय जॅझवादक. त्याचा ताफा चित्रपटात प्रत्यक्ष पडद्यावरही दिसतो. ताजमधील संगीत ऐकणारा वर्ग मूठभर होता. तेच संगीत वऱ्हाडातील श्रोत्याच्या कानी पडले ते चित्रपटगीताच्या वेषात. तेव्हा मुंबईत कोणी काय वाजविले, याचा पुरावा १९३६ ची तबकडी देते. समाजाने काय ऐकले, याचा पुरावा मात्र १९५१ ची सामान्य तबकडीच देऊ शकते. दुर्मिळतेचे माप लावणारा संग्राहक नेमका हा दुसरा पुरावा बाजूला टाकतो.

परंतु हा पुरावा सहज वाचता येत नाही. चित्रपटाच्या तबकडीवरील चिठ्ठीवर चित्रपटाचे, गायकाचे व संगीतकाराचे नाव असे. वादकांचा उल्लेख नसे. प्रसंगी गायकाचे नावही विश्वसनीय नसे. ‘महल’ (१९४९) मधील सुप्रसिद्ध गीताच्या तबकडीवर लता मंगेशकर यांच्याऐवजी ‘कामिनी’ हे चित्रपटातील पात्राचे नाव छापले होते. हिंदुस्थानातील व्यापारी ध्वनिमुद्रणाचा आरंभ नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यास झाला, तेव्हा गौहरजान गीताच्या अखेरीस आपले नाव स्वतःच उच्चारीत असे. हस्तलिखिताच्या शेवटी पुष्पिका असावी, तसाच हा प्रकार होय. पुढे ती बोलकी पुष्पिका लोपली. म्हणूनच चिठ्ठीइतकेच महत्त्व तबकडीच्या अंगावर कोरलेल्या साचा-क्रमांकाला आहे. एकाच गीताचे मुद्रण एकाहून अधिक वेळा झाले असल्यास ते पाठभेद या क्रमांकावरून ओळखता येतात. मुद्रिकांची अशी शास्त्रशुद्ध सूची करण्याची प्रथा प्रथम जॅझच्या अभ्यासकांनीच रूढ केली. शार्ल देलोने याची सूची पॅरिसला १९३६ मध्ये प्रसिद्ध झाली. हिंदुस्थानी मुद्रणाच्या आरंभकाळासाठी ऑस्ट्रेलियाच्या मायकेल किनियर यांनी असेच काम केले, आणि मुंबईस १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने संग्राहकांना एकत्र आणून आपल्या नियतकालिकाद्वारे ही माहिती छापील स्वरूपात आणली.

याच्या अगदी विरुद्ध टोकाची प्रवृत्ती जमेकात दिसते. रेगे संगीताचा उदय १९६८ च्या सुमाराचा. परंतु त्याची पार्श्वभूमी १९५० नंतरच्या फिरत्या ध्वनियंत्रांच्या चढाओढीत आहे. कॉक्सन डॉड यासारखे ध्वनियंत्रांचे मालक अमेरिकेतून आणलेल्या तबकड्यांवरील चिठ्ठ्या खरवडून टाकीत, म्हणजे प्रतिस्पर्ध्यास मूळ गीताचा पत्ता लागू नये. दुर्मिळता निसर्गतः येते असे नाही. ती अशी मुद्दाम निर्माणही करता येते. आपल्या संग्रहाची यादी कोणास न दाखविणारा संग्राहक चिठ्ठी खरवडीत नाही, एवढेच. परिणाम तोच होतो.

मराठीच्या अभ्यासकास हा प्रकार अपरिचित नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात महानुभावांचे वाङ्मय आकारास आले. पुढे ते सकळादी सांकेतिक लिप्यांत बंदिस्त झाले व कित्येक शतके पंथाबाहेरच्यांना अज्ञात राहिले. ते रक्षिले गेले, याचे श्रेय गुप्ततेला देता येईल. परंतु मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याला स्थान मिळाले ते विसाव्या शतकात लिपीचा उलगडा झाल्यावर आणि संशोधकांनी पोथ्या ताडून पाहिल्यावर. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले, ते अशाच परिश्रमांचे फळ होय. रक्षण ही पहिली पायरी. पाठनिश्चिती व प्रकाशन ही पुढची. संग्राहक बहुधा पहिल्या पायरीवर थांबतो, आणि विद्यापीठे पोथीसाठी पुढची पायरी चढतात, पण तबकडीसाठी पहिलीही चढत नाहीत.

या उपेक्षेची हानी वऱ्हाडी वाङ्मयाच्या अभ्यासासही पोचते. अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांचे ‘रणदुंदुभि’ १९२७ मध्ये रंगभूमीवर आले. नाटकाची संहिता छापील आहे. परंतु त्यातील पदे दीनानाथ मंगेशकरांनी कशी गाइली, हे सांगणारे साधन तबकडीच आहे. मात्र तीही जपून वापरली पाहिजे. लाखेच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. रंगभूमीवर वन्समोअर घेत विस्तारणारे पद तीत संक्षेपानेच उतरणार. ते संक्षिप्त रूप म्हणजेच दीनानाथांची गायकी, असे समजणारा समीक्षक सारांशालाच ग्रंथ समजतो. संहिता, तबकडी व समकालीन वर्णने ही तिन्ही साधने एकत्र ठेवूनच निष्कर्ष काढणे युक्त.

संग्राहकांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. विद्वानांनी ज्या तबकड्यांना कचरा मानले, त्या हव्यासापायी का होईना, त्यांनीच वाचविल्या. परंतु हव्यासाला आयुष्याची मर्यादा असते. अकोला-अमरावतीकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. लाखेची तबकडी हातून पडताच फुटते, विनाइलची पत्र्याखालच्या माळ्यावर वाकते. आणि मालकाच्या पश्चात संग्रह रद्दीच्या दुकानात गेला, म्हणजे कोणती तबकडी कोठून व केव्हा आली, ही माहिती कायमची नष्ट होते. तबकडीची दुसरी प्रत कोठेतरी सापडू शकेल. या माहितीला दुसरी प्रत नाही.

तात्पर्य, ध्वनिमुद्रिकेचे मोल तिच्या दुर्मिळतेत नसून तिच्याविषयी जे निश्चितपणे सांगता येते त्यात आहे. चिठ्ठीवरील मजकूर, साचा-क्रमांक, मुद्रणाचे वर्ष आणि तबकडी जेथून मिळाली ते ठिकाण, एवढ्या चार गोष्टी नोंदलेली सामान्य तबकडी, मुक्या दुर्मिळ तबकडीहून अभ्यासकास अधिक उपयोगी आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याने आपल्या गावातील एका जरी संग्रहाची अशी यादी केली, तरी ते काम एखाद्या पोथीच्या संपादनाच्याच जातीचे ठरेल.