प्रेमाविना राखणदार

रायन कूग्लर यांचा 'ब्लॅक पँथर : वाकांडा फॉरएव्हर' (२०२२) हा चित्रपट आम्ही कसबा पेठेतील एका घरी, तेथील मुलांच्या आग्रहाखातर, नुकताच पाहिला. ज्या पेठेने स्वतः बुडणे अनुभवले आहे, तेथे बसून पाण्याखालील नगरीच्या राजाची कथा पाहणे हा एक निराळाच अनुभव होता.

कथा सोळाव्या शतकात सुरू होते. युकातानमधील काही माया लोक देवीची साथ व स्पॅनिश जुलूम यांना कंटाळून समुद्राच्या आश्रयास जातात व तळाशी तालोकान ही नगरी वसवितात. त्यांचा राजपुत्र आईला दफन करण्यासाठी जमिनीवर येतो. तेथे आपल्या बांधवांची गुलामगिरी पाहून तो ती वसाहत जाळतो. मरणोन्मुख स्पॅनिश धर्मगुरू त्याला शाप देतो : 'निन्यो सिन आमोर', प्रेम नसलेले मूल. त्यातूनच तो 'नामोर' हे नाव धारण करतो. (१९३९ साली बिल एव्हरेट यांनी चित्रकथेत हे पात्र निर्मिले, तेव्हा 'रोमन' हा शब्द इंग्रजीत उलटा लिहून हे नाव सिद्ध केले होते. आम्हां रोमन कॅथलिकांना हा योगायोग बोचल्यावाचून राहत नाही.)

या प्रसंगाने कोणी श्रद्धाळू दुखावला, तर त्यास आमचे सांगणे असे की, आपण मान खाली घालावी. फ्रान्सिस्कन दिएगो दे लांदा यांनी मानी येथे माया लोकांचे ग्रंथ जाळले, ते १५६२ सालच्या जुलैच्या १२ तारखेला. त्याच काळात त्या लोकांची बाजू हिरिरीने मांडणारे चियापासचे बिशप बार्तोलोमे दे लास कासास चित्रपटात नाहीत, ही उणीव खरी. पण तिच्या आधारे लांदांचे पाप झाकता येत नाही.

आमचा आक्षेप वेगळा आहे. आपली नगरी गुप्त राहावी म्हणून नामोर एका विद्यार्थिनीचा, रिरीचा, जीव मागतो आणि तो मिळेना तेव्हा वाकांडाची राजधानी बुडवितो. बुडालेल्यांचा राखणदार दुसऱ्यांना बुडवितो! या पुरात राणी रमोंडा परक्या रिरीला वाचविताना प्राण देते. शेजारी कोण, या शास्त्र्याच्या प्रश्नाचे उत्तर चित्रपटात कोणी दिले असेल, तर ते या राणीने. अँजेला बॅसेट यांचा अभिनयही त्या तोलाचा आहे. परंतु दिग्दर्शक तिच्या मृत्यूनंतर सूडाकडे धावतात, आणि ओल्या शहराकडे पाहावयास त्यांना फारशी सवड होत नाही.

त्या घरातील आजी येथेच अस्वस्थ झाल्या. पाणी ओसरल्यावर चिखल कोण उपसतो, हे दाखविणार की नाही, असे त्यांनी नातवाला विचारले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, खडकवासलाही गेले, तेव्हा त्या शाळकरी मुलगी होत्या. मातीचे वाडे बसले, धान्य कुजले, कितीतरी कुटुंबे पुढे गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा नव्या वसाहतींत गेली. आदल्या रात्री जवानांनी पानशेतच्या धरणावर वाळूची पोती रचली, म्हणून ते अंधारात न फुटता सकाळी फुटले आणि पुष्कळांना पळता आले. त्या जवानांपैकी एकाचेही नाव आजींना ठाऊक नाही. त्यांच्या घोट्यांना नामोरसारखे पंख नव्हते.

तालोकानची दृश्ये मोहक आहेत, त्याविषयी वाद नाही. मात्र ज्या प्रजेसाठी एवढा संहार, ती आम्हांस दुरूनच दिसते. तिच्यातील एखादी आई काय रांधते, कशास भिते, हे कळत नाही. शेवटी शूरी नामोरला जीवदान देते, आणि तो आपल्या बहिणीला सांगतो ते असे की, हा तह पुढे उपयोगी पडेल. क्षमा लाभूनही तो हिशेबच करतो. शापाचे नाव त्याने जन्मभर अभिमानाने मिरविले. ते त्याला कधी जड झाले काय, हे विचारण्याची संधी चित्रपटाने या ठिकाणी गमावली आहे.